म्हातारपणाची बेगमी



पावसाळा तोंडावर आला की आपण जळण, वैरण आणि धान्य यांची बेगमी करतो. बैलाला घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतो. तो आजारी पडण्याची वाट पाहत नाही. मग घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दलच "वय झालं, चालायचंच" असे का म्हणावे?

रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. माणूस शेतात राबत असतो आणि एका सकाळी अर्धे अंग लुळे पडते. मग दवाखान्यापायी जमीन गहाण पडते. हे टाळणारी गोळी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. सपाट भागात ५,००० वस्तीला एक उपकेंद्र व ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा दंडक आहे. डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे ३,००० व २०,००० आहेत. तेथे जाण्याची सवय मात्र आपण लावून घेतली पाहिजे.

एवढे करा :

१) तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तातील साखर वर्षातून एकदा तपासून घ्या. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर पुन्हा मोजून घ्या व डॉक्टरांचा सल्ला घ्या. घरातल्या बाईमाणसाला मागे ठेवू नका.

२) बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच. सुगीच्या धांदलीत तर हमखास खंड पडतो, तेव्हा जपा.

३) मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहू नका. अंधुक दिसते म्हणून म्हातारे माणूस रात्री पडते, खुब्याचे हाड मोडते आणि कायमचे अंथरूण धरते.

४) सगळे दूध डेअरीला घालू नका. दात नसलेल्या आजी-आजोबांना चहा-चपातीवर ठेवू नका. दूध, मऊ शिजवलेली डाळ-उसळ, चालत असल्यास अंडे द्या. मीठ माणशी दिवसाला चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी असावे. तंबाखू-मशेरी सोडाच.

५) तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिश-अंगारा करत बसू नका. लगेच १०८ क्रमांकाला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते.

सत्तरी गाठलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळते. त्यावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार होतात. कार्ड आजच काढून ठेवा.

येत्या बाजाराच्या दिवशी गाडीत एक जागा घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी ठेवा आणि वाटेत आरोग्य केंद्रावर थांबा.