कोणता प्रश्न, कोणाच्या दारात?

ऑगस्ट २०२५ मध्ये खान्देशातील कापूस अजून बोंडातच होता, तेव्हा त्याच्या भावाची चर्चा वॉशिंग्टनपासून सुरू झाली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी भारतीय मालावर आधी २५ आणि नंतर आणखी २५, असे एकूण ५० टक्के आयात शुल्क लादले. कापड निर्यातदारांना धडकी भरली. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला विदेशी गाठींशी स्पर्धा करावी लागली. हे दोन्ही निर्णय दोन देशांच्या सरकारांनी घेतले. तेथेही काँग्रेसमध्ये मतदान झाले नाही आणि येथेही संसदेत झाले नाही.

पण पुढची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत वाइन आयात करणारी एक छोटी कंपनी, खेळणी विकणारी दुसरी, अशी माणसे न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे साधे होते : आमच्या राज्यघटनेने कर बसविण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याच्या आधारे राष्ट्राध्यक्षांना तो वापरता येत नाही. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्यापार न्यायालयाने ते मान्य केले, ऑगस्टअखेर अपील न्यायालयानेही ७ विरुद्ध ४ मतांनी तोच कौल दिला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. खेळण्यांच्या दुकानदाराने देशाच्या प्रमुखाला विचारावे, की हा अधिकार तुम्हाला दिला कोणी? कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या तीन शब्दांत जे काही आहे, ते सारे या एका प्रश्नात आहे.

शाळेच्या नागरिकशास्त्रात हे शब्द आपण सर्वांनी पाठ केले. वीस गुणांचा तो विषय परीक्षा संपली की संपतो. पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर अमेरिकेच्या बातम्या दिसतात आणि ओळखीच्या शब्दांमुळेच घोटाळा होतो. ‘काँग्रेसने विधेयक अडवले’ असे ऐकले की आपल्या मनात एक पक्ष उभा राहतो. तेथे काँग्रेस म्हणजे त्यांची संसद : ४३५ सदस्यांचे प्रतिनिधीगृह आणि प्रत्येक राज्याचे दोन याप्रमाणे १०० सदस्यांचे सिनेट. ‘सेक्रेटरी’ म्हटले की आपल्याला मंत्रालयातला सचिव आठवतो. तेथे तो खात्याचा मंत्री असतो. त्यांचा ‘कार्यकारी आदेश’ आपल्याला अध्यादेशासारखा वाटतो. पण आपला अध्यादेश काही काळापुरता कायदाच असतो आणि अधिवेशन सुरू झाले की सहा आठवड्यांत सभागृहाने मंजूर न केल्यास तो गळून पडतो. अमेरिकेतला आदेश असलेल्या कायद्याच्या आणि घटनेच्या चौकटीतच द्यावा लागतो. चौकट ओलांडली की न्यायालय तो रद्द करते.

सर्वांत मोठा घोटाळा ‘प्रेसिडेंट’ या शब्दाचा. जळगावकरांना तो समजावून सांगण्याची गरज पडू नये. याच जिल्ह्यातल्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती भवनात पोहोचल्या. पण राष्ट्रपती म्हणून त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावे लागले. घटनेच्या ७४व्या कलमाने तसे बांधून ठेवले आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मात्र स्वतःच सरकार असतो. तो मंत्री निवडतो, सैन्याचा सेनापती असतो, काँग्रेसचे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवतो. तो नकार मोडायचा तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते लागतात. त्याला पदावरून काढायचे तर प्रतिनिधीगृहाने साध्या बहुमताने महाभियोग आणायचा आणि सिनेटने दोनतृतीयांश मतांनी दोषी ठरवायचे. १८६८ मध्ये जॉन्सन, १९९८ मध्ये क्लिंटन, २०१९ आणि २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोग आला. पण सिनेटने एकालाही दोषी ठरवले नाही.

आता आपल्याकडे पाहू. अमेरिकेत काँग्रेसच्या सदस्याला मंत्री व्हायचे तर आधी सभागृहाचा राजीनामा द्यावा लागतो. आपल्याकडे सभागृहाचा सदस्य असल्याशिवाय सहा महिन्यांपलीकडे मंत्री राहता येत नाही. डिसेंबर २०२४ च्या राज्य मंत्रिमंडळात जामनेरचे गिरीश महाजन, जळगाव ग्रामीणचे गुलाबराव पाटील, भुसावळचे संजय सावकारे आणि शिंदखेड्याचे जयकुमार रावल आले, तेव्हा खान्देशाला आनंद झाला आणि तो स्वाभाविक होता. पण ज्या सभागृहाने सरकारला जाब विचारायचा, त्याच सभागृहात सरकार बसलेले असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आपली पद्धत ब्रिटिश वळणाची आहे. तिचे फायदेही आहेत. अमेरिकेत काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांचे जमले नाही म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकारी कचेऱ्यांचे काम रखडले. आपल्याकडे अर्थसंकल्प फेटाळला गेला तर सरकारच जाते आणि दुसरे येते. त्यांची पद्धत आणावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की आपल्या दोन मंडळांमधली भिंत मुळातच पातळ आहे, म्हणून ती जपण्याची काळजी अधिक हवी.

ती जपली गेली का? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने घाऊक पक्षांतर थांबावे अशी अपेक्षा होती. घडले असे, की आमदाराचे मत पक्षादेशाच्या खुंटीला बांधले गेले. अमेरिकेत सदस्याने स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत दिले तर पुढच्या निवडणुकीत उमेदवारी जाईल कदाचित; पण आज त्याची जागा कोणी हिरावून घेऊ शकत नाही. आपल्याकडे आमदारकी जाऊ शकते आणि ती गेली की नाही हे विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात. जळगाव जिल्ह्याने महाराष्ट्राला असे दोन अध्यक्ष दिले : १९९० ते १९९५ या काळात खिरोद्याचे मधुकरराव चौधरी आणि १९९९ ते २००४ मध्ये चोपड्याचे अरुणभाई गुजराथी. त्या आसनाचा मान मोठा आहे. पण न्यायाधीशाचे काम एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या व्यक्तीकडे असावे का, हा प्रश्न २०२२ च्या शिवसेनेतील फुटीनंतर घरोघरी पोहोचला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये निर्णय पुन्हा अध्यक्षांकडेच सोपवला आणि तो लागला जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर दीड वर्षाने. माझ्या मते हे काम निःपक्ष न्यायाधिकरणाकडे जावे. त्यात अध्यक्षांचा अवमान नाही, उलट त्यांची सुटका आहे.

कायदेमंडळाचे खरे बळ भाषणांत नसते, समित्यांत असते. सरकारच्या खर्चाचा कस लावणारी अंदाज समिती ही त्यांतली एक. ‘अंदाज’ या शब्दाने फसू नये. खात्यांच्या खर्चाच्या तरतुदी तपासण्याचे काम तिचे. मे २०२५ मध्ये ही समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तेथील शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत पावणेदोन कोटींहून अधिक रोकड सापडली. ती कोणाची, कोणासाठी, हे तपासाने आणि न्यायालयाने सांगायचे. आपण त्याचा निवाडा करू नये. पण तपासणारे आणि ज्यांची तपासणी व्हायची ते, यांच्यामधल्या अंतराबद्दल त्या खोलीने संशय निर्माण केला. तो संशय दूर करायचा तर समित्यांचे कामकाज लोकांना दिसेल असे उघड्यावर आणले पाहिजे. अमेरिकेत अधिकाऱ्यांची आणि मंत्र्यांची सुनावणी लोक घरबसल्या पाहतात. एवढे तरी आपण त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

उरले न्यायमंडळ. इंग्रजी अमलात मामलेदार सारा वसूल करी आणि दंडाधिकारी म्हणून शिक्षाही सुनावी. एकच माणूस फिर्यादी आणि न्यायाधीश. हे थांबावे म्हणून मुंबई राज्याने १९५१ मध्ये कायदा केला, घटनेच्या ५०व्या कलमात तीच दिशा होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती देशभर पक्की केली. कलेक्टरच्या पाटीवर ‘जिल्हादंडाधिकारी’ हा शब्द अजून आहे, तो शांतता-सुव्यवस्थेपुरता. खटल्याचा न्याय शेजारच्या इमारतीत होतो आणि ती इमारत उच्च न्यायालयाला जबाबदार असते, मंत्रालयाला नाही.

हे अंतर कशासाठी, ते जळगावच्या घरकुल प्रकरणाने दाखवले. गरिबांसाठी हजारो घरांची योजना निघाली आणि बहुतेक घरे उभी राहिली नाहीत. २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यांत दोन माजी मंत्री होते. शिक्षा झालेल्यांना उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क आहे आणि तो त्यांनी वापरला. तोही याच व्यवस्थेचा भाग. प्रशासनातील अधिकारी सत्ताधाऱ्यांविरुद्ध फिर्याद देऊ शकतो आणि जिल्ह्याचे न्यायालय ती ऐकून निकाल देऊ शकते, ही लहान गोष्ट नाही. पण फिर्याद ते निकाल यांत तेरा वर्षे गेली, हीदेखील लहान गोष्ट नाही. ज्याच्या नावाचे घरकुल होते, त्याची मुले तोवर भाड्याच्या खोलीत मोठी झाली.

या सगळ्यात आपला वाटा कोणता? आमदाराकडे आपण शेतातली डीपी जळाली म्हणून जातो, गटारासाठी जातो, लग्नाला आणि दशक्रियेला त्याने यावे असा आग्रह धरतो. तो येतो, कारण मते तेथे आहेत. डीपी वीज कंपनीची, गटार नगरपालिकेचे, ही कामे कार्यकारी यंत्रणेची. केळीच्या पीकविम्याबद्दल सभागृहात प्रश्न विचारलात का, कोणत्या विधेयकावर बोललात, हे आपण त्याला विचारत नाही. मग तोही सभागृहात बसण्यापेक्षा कचेरीत चिठ्ठ्या देण्यात वेळ घालवतो. अधिकारी आमदाराच्या चिठ्ठीची वाट पाहतो, आमदार पक्षादेशाची आणि नागरिक तारखेची.

डिसेंबर १९३६ मध्ये याच जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. १९३५ चा इंग्रजांनी दिलेला कायदा नको, आमची घटना आमची घटना समितीच लिहील, ही मागणी त्या अधिवेशनाने पुन्हा ठणकावून मांडली. ऐकणाऱ्यांत खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी मोठ्या संख्येने होते. त्यांनी मागितलेली घटना त्यांच्या नातवंडांना मिळाली आहे. तिच्यातला कोणता प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा, एवढे नीट कळले तरी पुढच्या निवडणुकीत उमेदवाराला आपण वेगळे प्रश्न विचारू. निदान गावात मत मागायला येणाऱ्याला एक प्रश्न विचारून पाहावा : मागच्या पाच वर्षांत तुम्ही सभागृहात आमच्यासाठी काय विचारलेत?