विषय ठरलेला नाही, मग महाविद्यालय कसे निवडावे?

दरवर्षी २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, कुंभकोणमच्या श्रीनिवास रामानुजन यांची कथा सांगितली जाते आणि 'आवड लवकर ओळखा' असे तिचे तात्पर्य काढले जाते. बारावीनंतर भौतिकशास्त्र घ्यावे की जीवशास्त्र, हेच ज्याला उमगलेले नाही, तो विद्यार्थी ही कथा ऐकून अधिकच ओशाळतो. वास्तविक ही कथा त्याच्याही उपयोगाची आहे.

१९०४ साली रामानुजन शिष्यवृत्तीवर कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. एफ. ए.च्या परीक्षेला गणिताबरोबर इंग्रजी, संस्कृत, शरीरक्रियाशास्त्र, ग्रीक-रोमन इतिहास असे विषय होते. गणितापुढे त्यांनी इतरांकडे लक्ष दिले नाही, शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयातूनही ते एफ. ए. उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. आणि ज्या पुस्तकाने त्यांना गणिताचे वेड लावले, ते कारचे हजारो सूत्रांचे संकलन शालेय वयात त्यांच्या हाती आले ते कुंभकोणमच्या याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून! ग्रंथालयाने उघडलेली वाट नियमावलीने बंद केली. पदवी नसतानाही मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली, ती १९१३ साली.

यावरून अनेक विषय शिकवणेच चूक, असे मात्र कोणी समजू नये. मन ठरलेले नसेल त्याला अनेक विषयांची चव घ्यायला मिळालीच पाहिजे. दोष होता तो एका विषयातील अपयशाने सगळे शिक्षणच थांबवण्यात.

तेव्हा महाविद्यालयाच्या नावलौकिकाआधी तेथील मोकळीक पाहावी. पुण्यातील 'आयसर' २००६ साली स्थापन झाली. तेथे आरंभी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हे चारही विषय शिकून मग आपला कल ठरवता येतो. अशा जागा थोड्या, प्रवेश कठीण. बाकीच्यांनी जवळच्या महाविद्यालयात जाऊन स्वच्छ विचारावे: मुख्य विषय कोणत्या सत्रात पक्का होतो? तो बदलता येतो का, आणि बदलल्यास वर्ष वाया जाते का? माहितीपुस्तिकेवर 'बहुविद्याशाखीय' छापलेले असते. प्रत्यक्ष वेळापत्रकात दोन विषयांचे तास एकाच वेळी येत असतील, तर त्या शब्दाला काय अर्थ? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात कपाटापर्यंत जाऊ देतात की खिडकीवर चिठ्ठी द्यावी लागते, हेही पाहून यावे.

आणि विषय बदलला तर शिष्यवृत्ती टिकते का, हे प्रवेशाआधीच कार्यालयातून लेखी घ्यावे.