दयाळ मध्यरात्री का गातो?

उन्हाळा लागला की लखनौच्या बागांतून कोकीळ आणि पावशा रात्री-अपरात्री ओरडतात. ते दोघे जुनेच रातजागे. पण दयाळाचं गाणं पहाटेचं. ते मध्यरात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली ऐकू आलं, तर लोक कौतुकाने थांबतात. मला मात्र त्याची काळजी वाटते. पक्ष्याचं शरीर घड्याळ लावतं ते उजेडावर. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं, उजेड राहिला की ते दबतं, आणि विणीच्या हंगामात हद्द राखायला आतुर झालेला नर पहाट झाली असं समजून गाऊ लागतो. याच शहरात, लखनौ विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, भारीट पक्ष्यांवर उजेडाच्या कालावधीचा काय परिणाम होतो याचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. दुसरं कारण गोंगाट. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की, जिथे दिवसा आवाज जास्त तिथले रॉबिन रात्री गातात; तिथे दिव्यांपेक्षा गोंगाटाचाच प्रभाव मोठा निघाला. मग लखनौच्या हजरतगंज बाजारातल्या भोंग्यांत दयाळाची शीळ कुणाला ऐकू जाणार? दिवसा चारा शोधायचा, पिलं सांभाळायची, आणि विश्रांतीची रात्र अशी खर्च करायची, हे त्या एवढ्याशा जिवाला महागच पडतं. म्हणून विनंती: झाडाकडे तोंड असलेला अंगणातला दिवा झोपण्यापूर्वी बंद करा, आणि उद्यानातल्या दिव्यांना वरून झाकण बसवा म्हणून आपल्या नगरसेवकाकडे आग्रह धरा.