सही ड्रायव्हरची, बंब कुणाचा?

कोल्हापुरात उद्यमनगरला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ऑफ-रोडच्या शर्यतींना जाणारी पोरं जीप घेऊन येतात आणि मी आत रोल केज, म्हणजे पाइपांचा पिंजरा, बसवून देतो. सीमलेस पाइप वाकवायचा, खाच नीट जुळवायची, टिग वेल्डिंगने जोडायचं. शर्यतीत गाडी उलटली की लोक ड्रायव्हरच्या धाडसाबद्दल बोलतात. मी जोड बघतो, आणि मग विचारतो, बंब कुठे उभा होता?

हा प्रश्न डोक्यात बसला तो अमेरिकेतल्या स्प्रिंट कारमुळे. मातीचा अंडाकृती ट्रॅक, तोही बहुतेक वेळा अर्धा मैल किंवा त्याहून लहान. 6.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, ताकद 900 हॉर्सपॉवरच्या आसपास आणि गाडीचं वजन 700 किलोच्या आत. गिअरबॉक्स नाही, सेल्फ नाही; ट्रकने मागून ढकलून चालू करतात. मागच्या ॲक्सलला डिफरन्शियलही नाही. त्यामुळे उजवं चाक मुद्दाम मोठं लावतात, म्हणजे गाडी आपणहून डावीकडे ओढते. ही युक्ती ज्याला सुचली त्याचे हात नक्कीच ग्रीसने काळे असणार.

ड्रायव्हरच्या पाठीमागे मिथेनॉलची टाकी. मिथेनॉलला आग लागली तर उन्हात ज्वाळा जवळजवळ दिसत नाही, धूरही येत नाही. नुसत्या पाण्याने ती विझवता येते. पण पाणी घेऊन कुणीतरी तिथे उभं पाहिजे.

साउथ डकोटातला डग वुल्फगँग अशा गाड्या चालवायचाही आणि बनवायचाही. सू फॉल्सला त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. आयोवातल्या नॉक्सव्हिलची नॅशनल्स ही या खेळातली सगळ्यात मानाची शर्यत. ती त्याने पाच वेळा जिंकली, 1984 आणि 1985 साली तर बॉब वाइकर्ट नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याच्या गाडीतून. (तिकडेही हौसेला पैसा गुराढोरांतूनच येतो, हे वाचून बरं वाटलं.) असा हा गडी 3 एप्रिल 1992 रोजी कॅन्सस सिटीच्या लेकसाइड ट्रॅकवर सराव करताना भिंतीवर आदळला. गाडी पेटली आणि तो आत बेशुद्ध. किमान आठ मिनिटं तो त्या आगीत होता. आग विझवायची ट्रॅकवरची व्यवस्था तोकडी होती.

भयंकर भाजूनही तो वाचला, पुढे पुन्हा गाडीतही बसला. आणि त्याने ट्रॅकवाल्यांवर आणि वर्ल्ड ऑफ आउटलॉज या आयोजक संस्थेवर दावा लावला. आत जाताना सगळे ड्रायव्हर करतात तशी त्यानेही जबाबदारी सोडून दिल्याची सही केली होती. तरीही ज्युरीने त्याला सुमारे 12 लाख डॉलर द्यायला सांगितले आणि 1997 मध्ये वरच्या कोर्टाने ते कायम ठेवलं. धोका माहीत असून आयोजक बेफिकीर राहिले असतील, तर त्या सहीआड त्यांना लपता येत नाही, असा त्याचा अर्थ.

‘जीव धोक्यात घालायला स्वतःच गेला ना, मग भरपाई कसली?’ असं म्हणणारे आपल्याकडेही आहेत. मला ते अजिबात पटत नाही. वुल्फगँगने भिंतीवर आदळायचा धोका पत्करला होता; वेगाचा, उलटण्याचा, हाडं मोडण्याचा पत्करला होता. आठ मिनिटं कुणी विझवू नये, हा काही खेळाचा भाग नव्हे. माझा पिंजरा माणसाला चेपू देत नाही, एवढंच त्याचं काम. आग लागली तर तोच पिंजरा बाहेर पडायच्या वाटेत येतो. तिथे माझं वेल्डिंग कितीही चोख असलं तरी उपयोग शून्य.

आपल्याकडेही ट्रेक असो, रॅपलिंग असो की जीपची शर्यत, ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ हा कागद पुढे येतो आणि पोरं न वाचता सही ठोकतात. करू देत. पण त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आयोजकानेही सहीनिशी लिहून द्यावं: आग विझवणारे किती, ते कुठे उभे राहणार, सिलिंडर शेवटचे कधी भरले, रुग्णवाहिका कुठे. आणि सरावाच्या दिवशी यातलं काय हजर असेल, तेही. वुल्फगँग जळाला तो दिवस सरावाचाच होता.