वाळीत, पण न बोलता

मैत्रिणींनो, एखाद्या घराला वाळीत टाकायला हल्ली पंच बसावे लागत नाहीत. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. पण हळदीकुंकवाचं बोलावणं एकाच घरी गेलं नाही, तर तक्रार कुठे करायची? अमक्यांचा मुलगा 'तसला' आहे, असं गावात कळलं की नेमकं हेच सुरू होतं.

कायद्यात पुष्कळ बदललं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१८ मध्ये प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. २०२३ मध्ये लग्नाचा हक्क नाकारला. पण अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि रेशनकार्डासाठी ते एकाच घरातले धरावेत, असं केंद्राने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. बँकेचा दरवाजा उघडला, आपला?

तृतीयपंथीयांचा बारशाला आशीर्वाद चालतो, पण पंगतीत त्यांचं पान चालत नाही. समलिंगी मुलामुलींचं दुःख आणखी वेगळं, कारण ते लपवता येतं. कुणाला काय सांगितलं, कुणापासून काय झाकलं, याचा हिशेब लहानपणापासून ठेवायचा. होस्टेलवरच्या जिवाभावाच्या मैत्रिणीलाही अर्धंच सांगायचं. खरं कळलं तर ती खोली बदलून मागेल, ही धास्ती. मग कुणी टाळण्याआधी तेच आपल्याला टाळू लागतात. भाऊबीजेला सुटी नसते, मामेबहिणीच्या लग्नाला परीक्षा असते. आपण म्हणतो, शहरात जाऊन माणूसघाणा झाला! अहो, शहराने नाही, आपल्या टोमण्यांनी तो लांब गेला.

घरचेही यातून सुटत नाहीत. "संस्कार कमी पडले" हे बापाला नाही, आईलाच ऐकावं लागतं. ती भिशी सोडते, भजनाला जात नाही. आपलं ठरलेलं लग्न मोडेल म्हणून बहीण भावाचं नाव काढत नाही.

आणि यावर आपला ठरलेला तोडगा म्हणजे "लग्न लावून द्या, सुधारेल." याची किंमत कोण मोजतं? दुसऱ्याच्या घरची लेक! नवरा जवळ येत नाही, हे तिने कुणाला सांगायचं? "तुझ्यातच काही कमी असेल" हे ऐकत ती वर्षं काढते. आणि मुलगीच तशी असेल, तर तिचा संसार म्हणजे रोजची जबरदस्ती. लोक काय म्हणतील या भीतीपायी दोन आयुष्यांची माती होते.

मला वाटतं, इथे कोर्टापेक्षा आपली सत्ता मोठी आहे. सणासुदीला कुणाला बोलवायचं, ही यादी घरोघरी बायकाच करतात. मुंबईत अशा मुलांच्या पालकांनी एकमेकांच्या आधारासाठी 'स्वीकार' नावाचा गट काढला. आपल्या गावात गट नसेल, पण शेजारीण तर असते ना? तिला आवाज न उतरवता विचारा, "लेक कसा आहे गं तुझा? दिवाळीला येतोय ना?" सगळं समजलंच पाहिजे, पटलंच पाहिजे असं नाही. पण येत्या संक्रांतीला वाणाची यादी कराल, तेव्हा ते एक घर गाळू नका.