नाव झाकून ऐकावे का?

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशाला लोक दक्षिण काशी म्हणतात. या परिसरातील व्यापारी घरांचा मात्र आणखी एक लौकिक आहे: माल पारखल्याशिवाय भाव बोलायचा नाही. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचा ढीग समोर आला, की जाणता व्यापारी वरच्या थरावर विसंबत नाही. तो हात खाली घालतो, मिरची मोडून पाहतो, ओलावा चाचपतो, रंग उजेडात धरतो. सराफी पेढीवर तर ‘कसोटी’ या शब्दाचा मूळ अर्थच सोने घासून पाहण्याचा दगड असा आहे. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तेव्हा पिढीजात सराफालाही आपला दागिना परीक्षा केंद्राकडे पाठवावा लागला. त्यामुळे त्याच्या नजरेचे मोल घटले नाही. ग्राहकाला मात्र केवळ त्या नजरेवर विसंबून राहण्याची गरज उरली नाही.

हा विवेक एका खरेदीत मात्र हमखास सुटतो, आणि ती खरेदी म्हणजे ध्वनियंत्रांची. नवे घर बांधले जाते, दिवाणखाना सजतो आणि मुलगा उत्तम स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा आग्रह धरतो. वडील धुळ्याच्या किंवा सुरतेच्या दुकानात जातात. दुकानदार अदबीने म्हणतो, “शेठजी, आधी ऐकून तर बघा.” प्रथम स्वस्त यंत्र वाजते, मग महागडे. दुसरे वाजू लागताच साऱ्यांच्या माना डोलू लागतात. पुढे हजारो रुपयांची जोडतारही घेतली जाते. कारण तिने आवाज ‘मोकळा’ होतो असे सांगितलेले असते आणि तो तसा झाल्याचे प्रत्येकाला जाणवतेही.

येथे कोणी खोटे बोलत असतो असे नाही. जाणवलेला फरक खरोखरच जाणवलेला असतो. प्रश्न इतकाच, की तो यंत्रातून आला की यंत्रावरच्या नावातून, किमतीतून आणि दुकानदाराच्या शब्दांतून? हे ओळखण्याचा एक साधा उपाय आहे. दोन्ही यंत्रे पडद्याआड ठेवावीत, आवाजाची पातळी अगदी सारखी करावी, कोणते यंत्र वाजत आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये आणि मग मत विचारावे. यालाच नाव झाकून केलेली श्रवणपरीक्षा म्हणतात.

१९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी हरमन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीत असा प्रयोग केला. ४० श्रोत्यांना ४ स्पीकर ऐकवले. एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआडून. स्पीकर दिसत असताना मोठे व महागडे स्पीकर स्पष्टपणे पुढे राहिले आणि लहान, स्वस्त संच मागे पडला. पडदा आल्यावर हेच अंतर बरेचसे मिटले. हे श्रोते त्याच कंपनीत काम करणारे होते, त्यांना ध्वनीचा परिचय होता. तरीही डोळ्यांनी कानांना वळण लावले.

अशीच परीक्षा वाद्यांचीही झाली आहे. इटलीतील स्त्रादिवारी घराण्याची जुनी व्हायोलिने कोट्यवधी रुपयांना विकली जातात. २०१२ मध्ये पॅरिसजवळ १० नामवंत एकल वादकांना ६ जुनी आणि ६ नवी अशी १२ व्हायोलिने काळसर चष्मे लावून वाजवण्यास दिली गेली. त्यांतील ६ वादकांनी आपल्या पसंतीचे वाद्य म्हणून नवे व्हायोलिन निवडले. जुने कोणते आणि नवे कोणते हे ओळखण्यात त्यांचा अंदाज नाणे उडवून दिलेल्या उत्तराहून सरस ठरला नाही.

हे वाचून जाणत्या रसिकाच्या मनात एक आक्षेप उभा राहील. संगीत ही अनुभवाची गोष्ट आहे. मग वर्षानुवर्षे घडवलेल्या कानावर ही पडद्याआडची परीक्षा का लादावी? हा आक्षेप हलका नाही, आणि आपल्या देशात तो एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. १९५२ मध्ये पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर कार्यक्रम मिळणे हे त्या काळी अनेक गायक-वादकांच्या उपजीविकेचे मोठे साधन होते, आणि निवडीत ओळखीपाळखी चालतात अशी तक्रार होती. केसकरांच्या काळात कलाकारांची ध्वनिचाचणी सुरू झाली. कलाकार कोण हे परीक्षकांना कळू नये, त्यांनी फक्त आवाज ऐकून प्रतवारी ठरवावी, हे तिचे तत्त्व. या कामात मुंबईत जन्मलेले, भातखंडे परंपरेचे विद्वान श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यावर मोठी जबाबदारी होती. अनेक कलाकार संतापले. ज्यांनी आयुष्य मैफली गाजवण्यात घालवले, त्यांनी पुन्हा परीक्षार्थी व्हावे, हे त्यांना अपमानास्पद वाटले. निषेध झाले, काहींनी चाचणीला जाण्यास नकार दिला. तरी चाचणीचे मूळ तत्त्व टिकून राहिले.

या वादात दोन्ही बाजूंकडे सत्याचा एक एक भाग होता. नाव झाकल्यामुळे ज्याला कोणी ओळखत नाही अशा तालुक्याच्या गावातील मुलाला नामांकित घराण्यातील शिष्याच्या बरोबरीने ऐकले जाण्याची संधी मिळाली. हा न्याय लहान नव्हे. दुसरीकडे, मोजक्या मिनिटांत राग खुलत नाही आणि स्टुडिओच्या बंद खोलीत मैफलीचा माहोल येत नाही, हेही खरे. पण ही उणीव नाव झाकण्याची नव्हती. ती वेळेची आणि परिस्थितीची होती. परीक्षेला अधिक वेळ देता येतो, अधिक चांगली खोली देता येते. त्यासाठी नाव उघड करण्याची गरज पडत नाही.

मुरलेल्या कानाला या परीक्षेचे भय वाटण्याचे कारण नाही, हे मिरजेच्या कारागिरांकडे पाहिले की पटते. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा माथा कणाकणाने घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि तार छेडून ऐकतो. जवारी लागलेली तार आणि न लागलेली तार यांतील फरक डोळे मिटून बसलेल्या नवख्यालाही कळतो. असा फरक पडद्याआड गेला तरी नाहीसा होत नाही. पडदा पडताच जो फरक विरून जातो, त्याच्यासाठी मोजलेल्या पैशांचा मात्र पुन्हा विचार करावा लागतो.

सूक्ष्म फरकांबाबत घाई करू नये, हेही येथे नोंदवले पाहिजे. साध्या सीडीपेक्षा अधिक बारकाईने मुद्रित केलेला आवाज वेगळा ऐकू येतो का, हा वाद जुना आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ५५४ वेळा उत्तरे घेतली गेली. त्यांपैकी २७६ बरोबर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी. पण २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी १८ अभ्यासांतील साडेबारा हजारांहून अधिक उत्तरे एकत्र तपासली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२ टक्क्यांच्या किंचित वर निघाले. ज्यांना आधी कान तयार करण्याचा सराव दिला होता, त्यांच्यात ते ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. म्हणजे फरक अतिशय सूक्ष्म आहे, पण तयार कानाला तो थोडासा गवसतो. एखाद्या परीक्षेत फरक सापडला नाही, एवढ्यावरून तो मुळीच नाही असे सिद्ध होत नाही. मात्र ‘कोणालाही लगेच कळेल’ असे सांगून जो माल विकला जातो, त्या सांगण्याला अशा आकड्यांचा आधार मिळत नाही.

जैन परंपरेत इंद्रियज्ञानाचा विचार फार बारकाईने झाला आहे. तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. अवग्रहात काहीतरी ऐकू आल्याची पहिली अस्पष्ट जाणीव होते. ईहेत ते नेमके काय असावे याचा शोध सुरू होतो. अवायात निर्णय होतो आणि धारणेत तो स्मरणात टिकतो. दुकानातील श्रवणात ईहा बहुधा गळून पडते. कानावर पहिला स्वर पडतो न पडतो तोच किमतीची चिठ्ठी निर्णय देऊन टाकते आणि तीच धारणा होऊन घरी येते. नाव झाकून ऐकणे म्हणजे वगळलेली ईहा पुन्हा तिच्या जागी आणणे. ‘दोघांचेही आपापल्या परीने खरे’ असे म्हणून अनेकांताच्या आडोशाने हा प्रश्न टाळताही येत नाही. ‘मला हे आवडते’ आणि ‘या तारेने आवाज बदलतो’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले त्या व्यक्तीच्या दृष्टीने खरे असू शकते. दुसरे तपासूनच ठरते.

या प्रश्नाची खरी निकड दिवाणखान्यातील स्पीकरांपेक्षा घरातील वडीलधाऱ्यांच्या कानाशी आहे. श्रवणयंत्र हेही ध्वनियंत्रच, आणि ते सहसा मोठ्या आशेने विकत घेतले जाते. २०११ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तींना एकसारखीच श्रवणयंत्रे देऊन एकाला ‘नवे’ आणि दुसऱ्याला ‘नेहमीचे’ म्हटले. बहुतेकांना ‘नवे’ अधिक आवडले. इतकेच नव्हे, गोंगाटातील बोलणे ओळखण्यातही त्यांची कामगिरी किंचित सुधारली. आशा कानाला अशी मदत करते, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. परंतु त्या आशेसाठी दुप्पट किंमत मोजायची की नाही, हा व्यवहाराचा प्रश्न राहतो. आजीला महागडे यंत्र लावल्यावर “बरे वाटते” हे ऐकून घरच्यांनी थांबू नये. तज्ज्ञाकडून शब्द ओळखण्याची चाचणी करून घ्यावी. घरीही पाठीमागून, सारख्याच आवाजात, दोन्ही यंत्रांवर वीस-वीस शब्द बोलून किती बरोबर ओळखले जातात हे लिहून ठेवावे. यंत्र लावून दिवसभर वावरताना ते टोचते का, डोके दुखते का, जेवणाच्या पंगतीतील बोलणे समजते का, हे मात्र आजीच सांगू शकते. तेथे तिचा शब्द अखेरचा.

घरच्या स्पीकरसाठीही परीक्षा अवघड नाही. प्रथम आवाजाची पातळी सारखी करावी. कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘अधिक चांगला’ वाटतो आणि ही गोष्ट विक्रेत्यांना ठाऊक असते. यंत्र बदलण्याचे काम घरातील एकाने पडद्याआड करावे आणि कोणते यंत्र कधी लावायचे ते नाणे उडवून ठरवावे. परिचयाचे गाणे घ्यावे, घाई करू नये, आणि दहा वेळा उत्तर लिहावे. पाच-सहा उत्तरे बरोबर आली, तर तो अंदाजच समजावा. नऊ किंवा दहा बरोबर आली, तर फरक कानाला खरोखर कळतो असे मानण्यास हरकत नाही. कारण निव्वळ अंदाजाने एवढे यश शंभरात सुमारे एकदाच येते. त्यानंतर कोणता आवाज आवडतो, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन यंत्रे सारखी ठरली आणि तरीही एखाद्याला लाकडी पेटीचे देखणेपण भावले, तर तेही जरूर घ्यावे. मात्र ते पैसे लाकडाचे आहेत, स्वरांचे नव्हेत, एवढी नोंद मनाच्या वहीत असावी.

व्यापाऱ्यांच्या जुन्या पिढीला झाकून केलेला व्यवहार म्हटला की दुसरेच काही आठवेल. हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची रीत अनेक बाजारांत होती. शेतकऱ्याचा माल उघडा असे आणि भाव झाकलेला. म्हणून बाजार समित्यांच्या नियमांनी उघड लिलाव आणला. श्रवणपरीक्षेत याच्या उलट घडते. तेथे नाव आणि भाव झाकतात, माल मात्र पूर्ण उघडा राहतो. तेव्हा झाकण घालण्यात गैर काही नाही. ते कशावर घातले आहे हे पाहावे लागते.

आणि परीक्षा झाली म्हणजे श्रद्धेला धक्का बसलाच पाहिजे, असेही नाही. प्रकाशा फार प्राचीन आहे, असे येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी येथील टेकाड थराथराने खणले, तेव्हा तळाशी ताम्रपाषाण युगातील वस्तीचे अवशेष मिळाले. गावाचे म्हणणे तपासले गेले आणि ते टिकले. ज्याला आपल्या कानाची खात्री आहे, त्यानेही पडद्यासमोर निःशंक बसावे. कान खरा ठरला तर आनंदाने पैसे मोजावेत. न ठरला तर वाचलेले पैसे चांगल्या गाण्यांच्या मैफलींसाठी उपयोगी पडतील.