मासा कोणास म्हणावें?

प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतील वर्गीकरण विद्यार्थी पाढ्यांप्रमाणें घोकतात व परीक्षा संपतांच विसरतात. पालकांपैकीं कित्येकांसही हा लांबलचक नांवांचा प्रपंच निरुपयोगी वाटतो. आमचें मत याहून निराळें आहे. वर्गीकरण ही नांवांची यादी नव्हे. कोणत्या जीवास जगण्यासाठीं काय लागतें, हें दाखविणारी ती किल्ली होय.

कामोठ्यास मासळीच्या पाटीपुढें क्षणभर उभे राहून पहावें. पापलेट, बांगडा, मुशी, कोळंबी, चिंबोरी, माकूळ, हीं सर्व आपण 'मासळी' याच नांवानें घरीं आणतों. परंतु कोळंबी व चिंबोरी संधिपाद असून माकूळ मृदुकाय आहे. पाठीचा कणा आहे तो पहिल्या तिघांसच; त्यांतही पापलेट व बांगडा यांचा सांगाडा हाडांचा, तर मुशीचा कूर्चेचा.

हे तिघे ज्या मोठ्या संघांत मोडतात, त्याचीं लक्षणें थोडींच आहेत. पाठीच्या बाजूस शरीरास आधार देणारा लवचिक पृष्ठरज्जू, त्यावर पोकळ चेतारज्जू, घशाच्या भागांत कल्लविदरें आणि गुदद्वाराच्या मागें शेपूट. हीं आयुष्याच्या निदान एका अवस्थेंत तरी असलींच पाहिजेत. मनुष्याच्या गर्भांतही तीं दिसून येतात. खडकास चिकटून राहणारा पिशवीसारखा हर्डमानिया पाहून त्यास आपला दूरचा आप्त कोण म्हणेल? परंतु या जातीच्या प्राण्यांच्या डिंभकांत पृष्ठरज्जू असतो, हें कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८६६ सालीं दाखवून दिलें.

बाह्य रूप असें फसवितें. पनवेलच्या खाडींत ओहोटीच्या वेळीं चिखलावर उड्या मारणारी निवटी बेडकासारखी भासते. पण कल्ले व पर असलेली ती मासाच होय. उलट देवमासा व डॉल्फिन हे मासे नव्हेत. त्यांस फुप्फुसें असतात व तीं पिलांस दूध पाजतात. ॲरिस्टॉटलनें हें ओळखलें होतें. लिनियसनें १७५८ सालीं त्यांस सस्तन वर्गांत बसविलें. आपली भाषा मात्र अजून 'देवमासा' असेंच म्हणते.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. मासा पाण्याबाहेर गुदमरतो. डॉल्फिन जाळ्यांत अडकून पाण्याखालीं राहिला म्हणजे गुदमरतो. वेळासच्या किनाऱ्यावर अंडीं घालण्यास येणारें समुद्री कासव सरीसृप आहे. त्यासही श्वासासाठीं वर यावेंच लागतें. बांगडा हजारों अंडीं घालतो. मुशीच्या कुळांत संतति थोडी आणि वाढ सावकाश, म्हणून तिचीं लहान पिलें पकडून विकलीं तर ती तूट लवकर भरून येत नाहीं. या सर्वांस 'मासे' म्हणून एकाच मापानें मोजणारा समाज नकळत त्यांचा नाश करितो. जो वर्ग ओळखतो, तोच त्या जीवाची गरज ओळखतो.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, मासळी घरीं आली म्हणजे मुलांस स्वयंपाकघरांतून हांकलूं नये. बांगड्याच्या कल्ल्यांवरचें झांकण त्यांस उचलून पाहूं द्यावें; मुशीस तसें झांकण नसून फटी उघड्याच असतात, त्या मोजूं द्याव्या. आणि विद्यार्थीमित्रहो, पुस्तकांतील व्याख्या अवश्य पाठ करा. परंतु ती पाटींतल्या मासळीशीं ताडून पाहिल्यावांचून आपणांस समजली असें मानूं नका.